चामखीळ, तीळ आणि मोबाइलचा डोळा

मोबाइलने तिळाचा फोटो काढा आणि तो साधा आहे की कर्करोगाचा, हे काही सेकंदांत जाणून घ्या, असे सांगणारी ॲप्स गेली दहा-बारा वर्षे येत आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच दोन ॲपच्या विक्रेत्यांवर २०१५ मध्ये कारवाई केली, कारण त्यांच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ‘डर्मासेन्सर’ या हातात धरायच्या उपकरणाला परवानगी दिली. ते फोटो काढत नाही. त्वचेवर प्रकाश टाकून तो कसा विखुरतो ते मोजते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे डाग पुढे तपासावा की नाही ते सुचवते. मात्र ते घरी वापरायचे नाही. रुग्ण चाळीस वा अधिक वयाचा हवा आणि डॉक्टरला त्या डागाचा आधीच संशय आलेला हवा.

या परवानगीसोबत एक अट आली आणि आपल्यासाठी बातमी खरे तर तीच आहे. विक्री सुरू झाल्यावरही कंपनीने वेगवेगळ्या लोकसमूहांवर, विशेषतः आधीच्या चाचण्यांत ज्यांच्यातले मेलॅनोमाचे रुग्ण फारच थोडे होते अशांवर, उपकरण पुन्हा पारखून दाखवायचे आहे. असे का, हे समजायचे तर तज्ज्ञ डाग कसा वाचतात ते पाहायला हवे.

त्वचारोगतज्ज्ञांच्या हातातला डर्मोस्कोप म्हणजे साधारण दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि त्याला जोडलेला दिवा. एरवी त्वचेवरून परतणारी चकाकी आतले काही दिसू देत नाही. त्वचेवर तेल किंवा जेल लावून, नाहीतर ध्रुवीकृत प्रकाश वापरून ती चकाकी घालवली की वरच्या थरांखालचे रंग आणि रचना दिसू लागतात. रंगद्रव्य अगदी वर असेल तर काळे, थोडे खाली तपकिरी, त्याखाली राखाडी आणि खोलवर असेल तर निळसर. म्हणजे रंगावरून खोलीचा अंदाज येतो. साध्या फोटोला हे जमत नाही.

मग प्रश्न दोन पायऱ्यांनी सोडवला जातो. डाग रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा, म्हणजे तिळाच्या जातीचा आहे का? असेल, तर साधा की संशयास्पद? व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये मांडलेली आकृतिबंधाच्या विश्लेषणाची पद्धत इथे आजही पायाभूत आहे. साध्या तिळात मधमाशीच्या पोळ्यासारखी एकसारखी जाळी, सारखे गोल ठिपके किंवा एकच सलग रंग दिसतो. नेमकेपणा आणि सारखेपणा ही निरुपद्रवी असण्याची खूण. जाळी कुठे जाड, कुठे तुटलेली, रंग एका बाजूला ओसंडलेला, असे दिसले की डॉक्टर थांबतात.

तिळाच्या जातीच्या नसलेल्या वाढींची तऱ्हा निराळी. पन्नाशीनंतर पाठीवर, छातीवर, कानशिलावर येणारी, वरून मेण चिकटवल्यासारखी दिसणारी तपकिरी-काळी वाढ म्हणजे सेबोऱ्हिक केरॅटोसिस. लोक तिला सरसकट चामखीळ म्हणतात. भिंगाखाली तिच्यात पांढरे चमकते ठिपके, मुरुमाच्या तोंडासारखी काळसर छिद्रे आणि मेंदूसारख्या वळ्या दिसतात. सपाट असेल तर कडा कसर लागलेल्या कापडासारखी. सावळ्या माणसांच्या गालांवर येणारे बारीक काळे दाणे याच कुळातले. ते बहुधा घराण्यात चालत येतात. अंगावरच्या लालबुंद ठिपक्यांत द्राक्षांच्या घोसासारखे तांबडे कप्पे दिसतात. पायावरच्या कडक गाठीत, म्हणजे डर्माटोफायब्रोमात, मध्यभागी वणासारखा पांढरा भाग आणि भोवती नाजूक जाळी असते. अर्थात एकट्या खुणेवर कोणी निकाल देत नाही. पांढरे ठिपके क्वचित मेलॅनोमातही सापडतात.

यंत्राला हे सारे फोटोंमधूनच शिकवले जाते. संशोधनात सर्रास वापरला जाणारा ‘हॅम१००००’ हा संग्रह २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १०,०१५ छायाचित्रे आहेत आणि ती व्हिएन्ना व ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड इथली, म्हणजे बहुतांशी गोऱ्या कातडीची. साध्या तिळांची ६,७०५ आणि डर्माटोफायब्रोमाची मात्र ११५. यंत्र भलतेच काही शिकते हा आणखी एक घोटाळा. डागाशेजारी मोजपट्टी असली की एक प्रणाली कर्करोगाकडे झुकत असे, कारण संशयित डागांच्याच फोटोंत मोजपट्टी ठेवलेली होती. जर्मन संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले, की त्वचेवरच्या शाईच्या खुणेनेही साध्या तिळाचा धोका वाढलेला दाखवला जातो.

सावळ्या त्वचेत अडचण मुळातच आहे. निरोगी कातडीवरही हलकी जाळी दिसते, त्यामुळे डाग आणि पार्श्वभूमी यांतला फरक पुसट होतो. शिवाय धोक्याची जागाही वेगळी. भारतात मेलॅनोमा दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, म्हणजे उन्हाचा फारसा संबंध नसलेल्या जागी. गायक बॉब मार्ली यांचा १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी बळी घेणारा कर्करोग पायाच्या अंगठ्यातच सुरू झाला होता. आपल्याकडे असा डाग कुरूप किंवा काट्याची जखम समजून महिनोन्‌महिने कापत, शेकत बसतात.

तळपायासाठीची खूण जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी बारकाईने मांडली. बोटांच्या ठशांसारख्या रेषांमध्ये खाचा आणि उंचवटे असतात. रंग खाचांत असेल तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवर असेल तर मेलॅनोमाचा संशय. उंचवटा ओळखायचा कसा? घामाच्या ग्रंथींची तोंडे पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगेने उंचवट्यांवरच असतात.

साध्या वाढी काढायलाच हव्यात असे नाही. कपड्याला घासतात, रक्त येते किंवा चेहऱ्यावर नकोशा वाटतात म्हणून काढल्या जातात. गावोगाव घोड्याच्या केसाने बांधणे, चुना-सोडा लावणे चालते आणि शहरात पार्लरमध्ये जाळून घेणे. त्यात वण राहण्यापेक्षा मोठा धोका असा, की जळालेल्या वाढीचा तुकडा प्रयोगशाळेत जात नाही. ती काय होती, हे मग कायमचे कळत नाही. नवा डाग वाढत असेल, रंग बदलत असेल, इतरांपेक्षा वेगळा दिसत असेल, किंवा तळपायावर अथवा नखाखाली असेल, तर आधी भिंगाखाली पाहून घ्यावा. तपासणीला काही मिनिटे लागतात आणि ती दुखत नाही.