'अशुद्ध' म्हणू नका, क्रियापद दाखवा

विहारातल्या अभ्यासिकेत इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांशी आज थोडं भांडायचं आहे. व्याकरण म्हणजे ब्राह्मणी सोवळं, पोरांना नुसतं बोलू द्या, असं काहीजण म्हणतात. मला हे पटत नाही. मुलाखतीत एका शब्दावरून हसणारे 'कोट्यातला' म्हणून आधीच टपलेले असतात. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' मराठीत काढला आणि 1936 साली जातिनिर्मूलनाचा युक्तिवाद इंग्रजीत मांडला. ते इंग्रजी कुणाला हसता येईल असं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. 'मुलगी चांगली दिसते' आणि 'मुलगी चांगली खेळते'. मराठीत दोन्हीकडे 'चांगली'. मुलगा आला की दोन्हीकडे 'चांगला'. इंग्रजीत पहिल्याला 'गुड', दुसऱ्याला 'वेल'. म्हणजे 'शी प्लेज गुड' लिहिणारं पोरगं ढ नाही, ते आपल्या भाषेच्या हिशेबाने चाललंय. आपण काय करतो? 'क्रियापदानंतर एलवाय लावा' हा मंत्र देतो. मग तेच पोरगं 'द मँगो टेस्ट्स स्वीटली' लिहितं आणि पुन्हा मार खातं.

मंत्र नको, क्रियापदाचा प्रकार ओळखायला शिकवा. (व्याकरणाची पुस्तकं 'शब्दांच्या जाती' म्हणतात, आपण प्रकारच म्हणू.) क्रियापद काढून तिथे 'इज' ठेवा. 'द मँगो इज स्वीट': अर्थ फारसा हलला नाही. म्हणजे 'टेस्ट्स' इथे फक्त जोडतंय, पुढचा शब्द आंब्याबद्दल आहे, विशेषणच हवं. 'प्लेज' काढून 'इज' ठेवलं की खेळच गायब होतो. तिथे कृती आहे, म्हणून क्रियाविशेषण.

यादी पाठ करून मात्र भागत नाही. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसला. 'ही लुक्ड अँग्रिली ॲट मी' म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने बघितलं. क्रियापद एकच, काम दोन. इथे पोरांना वाद घालू द्या, तासभर गेला तरी चालेल.

आणि वहीवर लाल शाईने 'अशुद्ध' लिहिणं बंद करा. शुद्ध-अशुद्ध हा शब्द कुठून आलाय आणि आपल्या आज्या-पणज्यांना तो कुणी लावला, हे आपल्याला कुणी सांगायला नको. 'चूक' लिहा. चूक दुरुस्त करता येते.