‘सगळं मस्त’ म्हणणारी मुलं

सेमिस्टरच्या परीक्षा आल्या की बेंगळुरूतल्या पीजींमध्ये रात्री दोनलाही दिवे चालू असतात. नोट्सच्या झेरॉक्स, गार झालेली मॅगी आणि बॅकलॉगची धास्ती. घरून फोन आला की आपली मुलं ‘सगळं मस्त चाललंय’ म्हणून मोकळी होतात. आईवडिलांना ते खरंही वाटतं! जागरण म्हणजे अभ्यास नव्हे, वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच. झोपूनही छातीतली धडधड थांबत नसेल, तर १४४१६ फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेल्या, मानसिक आरोग्यासाठीच्या या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेची शिखर संस्था याच शहरातली निम्हान्स. सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे. पालकहो, ‘पेपर कसा गेला?’च्या आधी ‘झोपलास का, जेवलास का?’ एवढं जरूर विचारा.