सागाचा सांधा का सुटतो?

मुलीच्या अभ्यासाला टेबल हवे होते. दुकानातला भाव ऐकून आम्ही मुकाट्याने परत आलो. घरात जुन्या सागवानी चौकटीचे तुकडे पडून होते, त्यांचेच टेबल करायचे ठरवले. एका रविवारी रंधा मारला, पुढच्या रविवारी डिंक लावून जोडले. ऐन परीक्षेत पाय निखळला. आम्ही डिंकाला नावे ठेवली.

शेजारी सुतारकाम करणारे काका आहेत. त्यांनी सांधा उजेडात धरला. "भाऊ, डिंकाला लाकडाचा एक तंतूसुद्धा चिकटलेला नाही. डिंक वाळला, पण लाकडाला धरलाच नाही."

कारण साधे आहे. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळेच साग पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही. पण तेच तेल डिंकाला लाकडात शिरू देत नाही. रंधा मारल्यावर पृष्ठभाग ताजा असतो. दिवस गेले की आतले तेल हळूहळू वर येते. आमचा आठवडा तिथेच नडला.

वाचक बंधू-भगिनींनी एवढे करावे. जुना डिंक व पॉलिश पूर्ण खरवडून काढावे. जोडायच्या दिवशीच धारदार रंधा मारावा किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. भुसा झटकून पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल आहे, पसरून मुरला तर ठीक. मग स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन पुसावे. फडके पिवळट झाले की बदलावे, नाहीतर तेच तेल पुन्हा लाकडावर फिरते. रॉकेल वापरू नये, ते स्वतःच तेलकट थर ठेवते. ॲसिटोन उडून गेले की लगेच डिंक लावावा. शिकंजा नसेल तर दोरी बांधून काठीने पीळ द्यावा. एक दिवस वजन टाकू नये. सांध्यावर ताण फार असेल तर दोन भाग मिसळून करायचा इपॉक्सी डिंक अधिक चांगला.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ॲसिटोन झटकन पेट घेते. एका खोलीच्या घरात स्टोव्ह, गॅस, देवळीतला दिवा, विडी सारे विझवून, खिडक्या उघडून किंवा ओट्यावर बसूनच हे काम करावे. मुलांना दूर ठेवावे.

काकांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही तो पाय पुन्हा जोडला. मुलगी आज त्याच टेबलावर लिहिते. महाग डिंक घेण्याआधी पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत.