स्प्रिंग कापू नका, माउंट उचला

जुनी स्पोर्ट्स गाडी जमिनीलगत दिसावी म्हणून पुढच्या स्प्रिंगची दोन वेटोळी गॅसने कापायची, हा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो. हौसेला माझा विरोध नाही. खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलते, दिसतेही देखणी. आक्षेप कापण्याला आहे.

आमच्याकडे हा सल्ला रुजायला कारण आहे. मिस्त्री मंडळींचा हात बसला तो प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बेसेडरवर. पद्मिनीला पुढे दोन विशबोन, ॲम्बेसेडरला टॉर्शन बार. चाक सांभाळण्याचे काम आर्म्सचे, शॉकअप फक्त धक्का शमवायला. मॅकफर्सन स्ट्रट घरोघर पोचला तो 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 बरोबर. त्यात शॉकअप हाच चाकाचा खांब असतो आणि त्याचे वरचे टोक, म्हणजे स्ट्रट माउंट, बॉडीच्या टॉवरला तीन-चार बोल्टांनी धरलेले असते. इथे स्प्रिंग कापली की शॉकअपचा दांडा कायमचा आत दबून राहतो.

हिशोब करून पाहू. समजा, चाकाला वर यायला 80 मिलिमीटर जागा होती आणि गाडी 40 ने खाली आणली. स्ट्रोक निम्मा झाला. तेवढाच धक्का पोटात घ्यायला स्प्रिंग चौपट कडक हवी. आठांपैकी दोन वेटोळी कापल्यावर ती जेमतेम एकतृतीयांशाने कडक होते. उरलेला मार बंपस्टॉप खातो आणि तो संपला की टॉवर. शिवाय गॅसच्या आचेने पोलादाचे पाणी उतरते ते वेगळेच.

हे देवबागला लगेच कळते. महामार्ग कसालला सोडला, मालवण, तारकर्ली मागे पडली की एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीतून माडांखालचा अरुंद रस्ता. गतिरोधक, कडेला साचलेली वाळू, समोरून पर्यटकांची गाडी आली की एक चाक खाली उतरवावेच लागते. इथे फिरणाऱ्या, स्प्रिंग कापलेल्या गाडीचे बॉनेट उघडून पाहा. टॉवरच्या घुमटावर, जिथे दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, तिथे रंगाला केसासारखी चीर गेलेली असते. खारी हवा त्या चिरेत शिरते आणि गंज रंगाखालून पसरत जातो.

म्हणून माझे म्हणणे असे: गाडी खाली आणायची तर माउंट वर न्या. टॉवरच्या डोक्यावर बोल्टने बसणारी टोपी करून माउंट 30 मिलिमीटर उचलले, तर मूळ स्प्रिंग आणि मूळ शॉकअप ठेवूनही गाडी तेवढीच खाली येते आणि दांड्याचा स्ट्रोक एक मिलिमीटरही कमी होत नाही. टोपीखाली पत्र्याला भार वाटून देणारी जाड पाटी हवी. बॉनेट किती जागा देते ते अंदाजाने ठरवू नये: टोपीवर शाडूच्या मातीचा गोळा ठेवा, बॉनेट बंद करून उघडा, दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. टायरही आता मडगार्डमध्ये 30 मिलिमीटर जास्त शिरणार, तेही तपासायचे.

यावर रेसिंगवाल्यांचे म्हणणे येते, की रबर काढून पोलादी गोलाकार बेअरिंगचे माउंट घाला, कॅम्बरही हवा तसा मिळेल. ट्रॅकवर ते बरोबर आहे. किनाऱ्यावर त्या बेअरिंगमध्ये वाळू आणि मीठ जाते, खेळ वाढतो, खडखड सुरू होते आणि प्रत्येक ठोका रबराशिवाय थेट पत्र्यात उतरतो. गावातल्या रस्त्यावर रबरच हवे.

दुसरा पक्ष जतनवाल्यांचा: जुन्या गाडीला हातच लावू नये. या मंडळींबद्दल मला आदर आहे, कारण त्यांच्यामुळेच या गाड्या उरल्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये आलेले नियमही गाडी मूळ रूपात मागतात; चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पण म्हणूनच बोल्टचे माउंट श्रेयस्कर. टॉवर कापून वर वेल्ड केला तर शेल कायमचा गेला. बोल्टची टोपी एका दुपारी निघते आणि जुने माउंट परत बसते. ते जुने माउंट तेल लावून जपून ठेवावे. गाडीतल्या फेरफारांबद्दलचे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहेच, तेव्हा आरटीओकडे आधी विचारणा करावी.

एक गोष्ट मात्र माउंट उचलून सुटत नाही. गाडी कशीही खाली आणली तरी लोअर आर्मचे चाकाकडचे टोक वर जाते, रोल सेंटर घसरतो आणि खड्ड्यात चाक आपोआप वळू लागते. डॅटसन 240 झेडसारख्या गाडीत स्टिअरिंग आर्म स्ट्रटच्या तळाला बोल्टने बसतो. तिथे साधारण 25 मिलिमीटरचा स्पेसर घातला की लोअर आर्म आणि टाय रॉड दोन्ही जागेवर येतात. बॉलजॉइंट रिमला घासत नाही ना, एवढे पाहायचे. मग दोन माणसे आत बसवून अलाइनमेंट करायचे, आणि महिनाभर चालवल्यावर टॉवरचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे.