लाटणे मोर्चात आले, कार्यक्रमपत्रिकेत केव्हा येणार?

पक्षाच्या कोणत्याही तालुका शिबिराची वेळपत्रिका घ्यावी. साडेआठला नाश्ता, नऊला झेंडावंदन, साडेनऊला ‘श्रम, मूल्य आणि शोषण’ या विषयावरील बौद्धिक, एकला भोजन. कामगाराच्या श्रमशक्तीचे मूल्य कसे ठरते हे वक्ता फळ्यावर मांडून दाखवीत असतो, त्याच वेळी भिंतीपलीकडे पाच-सहा स्त्रिया शंभर माणसांसाठी कांदे चिरीत असतात. त्यांपैकी दोघी-तिघी पक्षाच्या सभासद असतात. बौद्धिक त्यांच्या कानावर पडत नाही, कारण शेगडीचा आवाज मोठा असतो. समारोपात ‘भोजनव्यवस्था उत्तम ठेवल्याबद्दल भगिनींचे आभार’ मानले जातात, टाळ्या पडतात, आणि सकाळभर ज्या श्रमाची चर्चा झाली त्यात पोह्यांचे श्रम धरले होते की नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

ही विसंगती शिष्टाचाराची असती तर दुर्लक्ष करता आले असते. परंतु ती सिद्धान्ताची आहे. श्रमाच्या बाजूने उभा राहणारा पक्ष देशातील सर्वांत मोठा, सर्वांत नित्याचा आणि बिनपगारी श्रम हिशेबाबाहेर ठेवीत असेल, तर त्याचे अर्थशास्त्र आणि त्याच्या विरोधकांचे अर्थशास्त्र यांत स्वयंपाकघरापुरता तरी काही फरक उरत नाही.

प्रस्थापित अर्थशास्त्राला ही अडचण फार पूर्वी कळली होती. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२०च्या आपल्या ग्रंथात तिची कबुलीच दिली: एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. पोळ्या त्याच, हात तेच. पगार थांबला म्हणून उत्पादनही थांबले असे मानायचे. शंभर वर्षे हे उदाहरण विद्यार्थ्यांना गंमत म्हणून सांगितले गेले. त्यातील अन्याय मात्र हिशेबवह्यांत जसाच्या तसा राहिला. कारखान्यात तळलेला आणि पिशवीत भरलेला चिवडा राष्ट्रीय उत्पन्नात मोजला जातो. दिवाळीच्या आधी चार रात्री जागून घरी केलेला चिवडा कुठेच मोजला जात नाही. पिशवीतल्या चिवड्यावर वस्तू व सेवा कर किती असावा यावर परिषदेत वाद होतो, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येतो, त्याच्या जाहिराती होतात. घरातल्या चिवड्याचा कर मात्र कंबर आणि डोळे भरीत असतात.

आता सरकारचेच आकडे पाहावेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या कालविनियोग पाहणीनुसार, घरचे बिनमोबदला काम करणारी स्त्री त्यावर दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होती, आणि असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे. २०२४च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. सरकारने स्त्रीची १० मिनिटे वाचल्याचे समाधान व्यक्त केले. पण पुरुषानेही आपली ९ मिनिटे वाचवून घेतली आहेत! २०१९ मध्ये दोघांतील अंतर २०२ मिनिटांचे होते, २०२४ मध्ये ते २०१ झाले. पाच वर्षांत समतेची प्रगती एक मिनिट. आणि हा हिशेब काम करणाऱ्यांचा आहे. दिवसाकाठी असे काम करणाऱ्या स्त्रिया सुमारे ८१ टक्के आहेत, पुरुष सुमारे २७ टक्के. उरलेल्या पुरुषांची मिनिटे शून्य आहेत.

यावर एक उत्तर ठरलेले असते: यंत्रे आली, आता काम राहिलेच कुठे? पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला. चूल गेली, गॅस आला. डाळ शिजायला तास लागे, ती कुकरच्या तीन शिट्ट्यांत होते. हे सारे खरे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. जात्यावर पहाटे दळणाऱ्या बाईच्या खांद्याला जे सोसावे लागले ते गिरणीने थांबवले. ओल्या लाकडांच्या धुराने ज्यांची छाती पोखरली त्यांना गॅसचे महत्त्व कोणी शिकवायला नको. जुन्या स्वयंपाकघराचे गोडवे गाणारे बहुधा त्या स्वयंपाकघरात ओट्याच्या अलीकडे बसून जेवलेले असतात.

परंतु यंत्राने श्रमाचा जड भाग उचलला म्हणजे श्रमाची जबाबदारी वाटली गेली, असे होत नाही. चूल होती तेव्हा लाकूड फोडणे हे पुष्कळ घरांत पुरुषाचे काम होते. दळण गिरणीत टाकून आणणे हे मुलाचे काम होते. गॅस आला आणि कुऱ्हाड गेली. पिठाची पिशवी दुकानातून घरपोच आली आणि मुलाची फेरी गेली. पोळी लाटणे मात्र गेले नाही. यंत्राने पुरुषाचे काम संपवले, स्त्रीचे हलके केले, आणि हलके झाले म्हणून वाढवले. पाट्यावर वाटावे लागे तेव्हा इडली सणासुदीला होई. मिक्सर आला तशी ती दर रविवारी होऊ लागली, तिच्यासोबत दोन चटण्या आल्या, आणि ‘मिक्सर घेऊन दिला आहे, तरी एवढा वेळ लागतो?’ हा प्रश्नही आला. भांडे घासणे, पाते धुणे, डाळ आदल्या रात्री आठवणीने भिजत घालणे, सिलिंडर संपायच्या आत नोंदवणे ही कामे कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेली नसतात. कारखान्यात नवे यंत्र आले की कामगार संघटना विचारते: वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला? स्वयंपाकघरात हा प्रश्न विचारणारी संघटना नाही.

यंत्र नुसते देऊन भागत नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा उज्ज्वला योजनेने दिला आहे. १ मे २०१६ रोजी, म्हणजे कामगार दिनीच, बलिया येथे ही योजना सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींची जोडणी तेव्हाच्या औरंगाबाद शहरात समारंभपूर्वक देण्यात आली. शेगडी आली, नळी आली, भिंतीवर छायाचित्र आले. नंतर काय झाले? २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकाने वर्षाला सरासरी सुमारे ३ सिलिंडर भरून घेतले. २०२४-२५ मध्येही हा आकडा साडेचारच्या आसपासच होता. रोज दोन वेळा गॅसवरच स्वयंपाक करणाऱ्या घराला एवढ्यात वर्ष काढता येत नाही. उरलेले महिने चुलीनेच काढले. २०२०च्या मध्यापासून घरगुती गॅसवरचे अनुदान जवळजवळ बंद झाले. मार्च २०२३ मध्ये मुंबईत सिलिंडर ११०० रुपयांवर गेला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये २०० रुपये उतरले, ८ मार्च २०२४ रोजी आणखी १०० उतरले. ती तारीख महिला दिनाची होती आणि लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. निवडणूक आटोपली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये पुन्हा चढले. स्त्रीच्या फुप्फुसांची काळजी निवडणुकीच्या पंचांगाप्रमाणे वाढत-घटत असेल, तर तिला कल्याणकारी धोरण म्हणणे भाषेचा दुरुपयोग आहे.

खाजगी घरात श्रमाचे मोल होत नाही, हे एक वेळ रूढीवर ढकलता येईल. पण सरकार स्वतः मालक असते तेव्हा ते काय करते? सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशानंतर शाळांतून शिजवलेले अन्न मिळू लागले. देशभर लाखो स्त्रिया रोज हा स्वयंपाक करतात. तांदूळ निवडणे, मोठी पातेली उतरवणे, वाढणे, भांडी घासणे हे सारे त्यांच्याकडे. त्यांच्यासाठी केंद्राने २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातील दहा महिने. त्यानंतर तांदूळ, तेल, डाळ, मंत्र्यांचे भत्ते, सारे वाढले. हा आकडा वाढवणे बहुतेक राज्यांच्या मर्जीवर राहिले. महाराष्ट्रात तो आंदोलनांनंतर २५०० पर्यंत आला. या रकमेला ‘मानधन’ असे नाव आहे. हा शब्द सहज निवडलेला नाही. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा दारात येऊन उभा राहतो, भविष्यनिर्वाह निधी येतो, बाळंतपणाची रजा येते. मानधन म्हटले की मान तेवढा द्यायचा असतो, आणि तोही दिला जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने या १००० रुपयांना संविधानाच्या कलम २३ने निषिद्ध ठरवलेल्या वेठबिगारीचे नाव दिले. ‘स्वयंपाक काय, बाया घरी करतातच’ या एका वाक्यावर ही वेठ उभी आहे. घरातला फुकट श्रम बाहेरच्या श्रमाची मजुरी कशी पाडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. घरोघर जाऊन पोळ्या करणाऱ्या बाईलाही हाच न्याय लागतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण कल्याण म्हणजे मजुरी नव्हे.

समाजवादी चळवळीला हे सारे नवे असायला नको. लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले. १९७२ मध्ये, महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना, मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांतील स्त्रिया एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी थाळ्या-लाटणी वाजवीत रस्त्यावर उतरल्या. तेल, रॉकेल, धान्य हे राजकारणाचे विषय आहेत हे त्या लाटण्यांनी सिद्ध केले. पण मोर्चा संपल्यावर लाटणे घरी परत गेले ते त्याच हातात. ते वाजवणे हा लढा ठरला, चालवणे ठरला नाही.

त्याच दशकात गिरणगावाने पुढची वाट दाखवली होती. कोकणातून आणि घाटावरून एकट्याने आलेल्या गिरणी कामगारांना खानावळवाल्या बायका जेवू घालीत. संपाच्या काळातही उधारीवर त्या ताटे मांडीत राहिल्या आणि सावकाराच्या व्याजात बुडाल्या. संपाच्या इतिहासात गिरण्यांची, पुढाऱ्यांची, चाळींची नावे येतात. ती भाकरी क्वचितच येते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडून दिले, कारण त्या श्रमिक आहेत हे त्यांनी ओळखले होते. राज्य सरकारने २०२४ मध्ये वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याच्या योजनेला अन्नपूर्णेचेच नाव दिले. नाव एक, पण एकीत स्त्री कामगार आहे, दुसरीत ती लाभार्थी आहे.

दोन आक्षेप उरतात. पहिला भावनेचा: आईच्या हातच्या चवीचा हिशेब मांडायचा काय? प्रेमाचा हिशेब कोणी मागत नाही. पण प्रेम रोज सकाळी पाचला उठत असेल आणि आजारपणातही त्याला रजा नसेल, तर त्यातला सक्तीचा भाग वेगळा काढून पाहावाच लागेल. दुसरा आक्षेप पक्षातलाच आहे आणि अधिक गंभीर आहे: हा प्रश्न दुय्यम आहे, आधी वर्गलढा. परंतु कामगार उद्या पुन्हा कामावर जातो तो कोणाच्या डब्यावर? तो डबा फुकट असतो म्हणूनच मालकाला कमी मजुरीत भागवता येते. डबा हा वर्गलढ्याच्या आतच आहे.

तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात. शालेय पोषण आहारातील स्वयंपाकी व मदतनीस यांना कामगाराचा दर्जा, किमान वेतन आणि बारा महिन्यांचा पगार ही पहिली. सिलिंडरची किंमत गरीब घराच्या मजुरीशी कायद्याने बांधणे ही दुसरी. तिसरी, वस्त्यांतून आणि औद्योगिक वसाहतींतून सार्वजनिक भोजनगृहे. या तिसऱ्या मागणीबाबत अनुभव कडू आहे, तो लपवू नये. महाराष्ट्रात १९९५ नंतर एक रुपयाच्या झुणका-भाकरीच्या नावाने मोक्याच्या जागा वाटल्या गेल्या. भाकर गेली, जागा राहिल्या. केरळात कुटुंबश्रीच्या स्त्रियांनी २०२० पासून २० रुपयांत जेवण देणारी भोजनगृहे चालवली, पण डाव्या सरकारनेच २०२३ मध्ये त्यांचे अनुदान काढून घेतले आणि ओझे चालवणाऱ्या बायकांवर पडले. स्त्रियांच्या स्वस्त श्रमावर उभे केलेले स्वस्त जेवण टिकत नाही, हा यातला धडा. भोजनगृह हवे ते पगारी कामगारांचे, आणि त्यात स्त्रियांइतकेच पुरुष हवेत.

चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही. तिला अनुदान लागत नाही, कायदा लागत नाही, केवळ ठराव लागतो. पुढच्या शिबिरात पाळ्या लावाव्यात: जिल्हा चिटणीसांपासून सर्वांनी कांदे चिरावेत, पातेली घासावीत, आणि भगिनींनी पहिल्या रांगेत बसून ‘श्रम, मूल्य आणि शोषण’ ऐकावे. पोहे कदाचित थोडे करपतील. वक्त्याने त्या दिवशी तेच उदाहरण फळ्यावर घ्यावे.