नोकरीचा प्रश्न एकट्या भौतिकशास्त्रालाच का?

जूनमधल्या एका संध्याकाळी तुमसर तालुक्यातले एक वडील मुलीला घेऊन माझ्या घरी आले. सोबत मुलीचे मामू होते. वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळी धानाच्या दिवसांत शेतकऱ्यांचे पंप जळतात, तेव्हा यांचं घर चालतं. मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. मी तिला मराठी शिकवायचो. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तिचं नाव लागलं होतं. क्रमांक असा, की कुठल्यातरी आयआयटीत जागा मिळेल, पण कॉम्प्युटर सायन्सची आशा नाही. पसंतीक्रम भरायला तीन दिवस उरले होते आणि तिने वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं होतं: इंजिनिअरिंग फिजिक्स.

"फिजिक्स लेके क्या करेगी?" मामूंनी बसायच्या आधीच विचारलं. त्यांच्याकडे पर्याय तयार होता. नागपूरच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर. राज्य सरकारने २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क माफ केलं आहे, तेव्हा खर्चही नाही. पोरगी दर शनिवारी घरी येईल, चार वर्षांत नोकरी. "आणि फिजिक्स तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असतंच की, सर!"

मी भाषेचा मास्तर. पण आपल्याकडे फॉर्म भरायचा असला की भाषेचाच मास्तर सापडतो. तेव्हा त्या संध्याकाळी जे बोललो, ते इथे लिहितो, कारण हे मामू प्रत्येक घरात आहेत.

नोकरीचा प्रश्न वाईट नाही. ज्या घरात दुकान दोन महिने बंद राहिलं तर उधारी करावी लागते, त्या घराने तो आधी विचारायला हवा. "आवडेल ते शिका" हा उपदेश ज्यांच्याकडे दोन पगार येतात त्यांना परवडतो. माझी तक्रार एवढीच, की हा प्रश्न आपण एकाच पदवीला विचारतो. मी मामूंना म्हटलं, त्या खाजगी कॉलेजातून गेल्या वर्षी कॉम्प्युटरची किती मुलं बाहेर पडली? त्यातल्या किती जणांना काम लागलं, कोणत्या कंपनीत, कोणत्या पगारावर? तिथे शिकवणारे कायम आहेत की तासिकेवर? मामूंनी कॉलेजचा रस्त्यावरचा फलक तेवढा पाहिला होता. कॉम्प्युटर म्हटलं की आपल्या लेखी नोकरी लागलेलीच असते; भौतिकशास्त्राला मात्र आपण जामीनदार मागतो.

यात माझाही एक गुन्हा आहे, तो सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका हुशार मुलाला मी अब्दुल कलामांच्या गोष्टी सांगून बी.एस्सी.ला पाठवलं. पुढे काय, कोणती परीक्षा, कोणती संस्था, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं आणि मी ते शोधलंही नाही. तो मुलगा आज तासिका तत्त्वावर शिकवतो आणि पगाराची वाट पाहतो. भौतिकशास्त्राने त्याला फसवलं नाही, मी फसवलं. स्वप्न दाखवून वेळापत्रक न देणारा शिक्षक मामूंपेक्षा कमी नुकसान करत नाही.

म्हणून आधी ही पदवी काय आहे ते नीट समजून घेऊ. पहिल्या वर्षाला सगळ्याच शाखांना जो भौतिकशास्त्राचा पेपर असतो, तो निराळा. इंजिनिअरिंग फिजिक्स ही चार वर्षांची बी.टेक. पदवी आहे. मुंबई, दिल्ली, मद्रास, गुवाहाटी, हैदराबाद इथल्या आयआयटींत ती मिळते. तिच्यात क्वांटम यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, सांख्यिकीय भौतिकी हे सगळं येतं. सोबत इलेक्ट्रॉनिक्स, अर्धवाहक, लेसर आणि प्रकाशाची उपकरणं, संगणकावरची गणितं आणि भरपूर प्रयोगशाळा. इतर शाखा तयार झालेलं तंत्र वापरायला शिकवतात. इथे ते तंत्र ज्या नियमांवर उभं आहे तिथून सुरुवात होते. त्यामुळे ती अवघड आहे आणि गणित नकोसं वाटणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आता पुढची कामं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत निर्वात पोकळी, टोकाला आरसे आणि त्यांवर लेसर. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींनी त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही लहान फरक पडतो, तो मोजायचा. हे काम एकट्या भौतिकशास्त्रज्ञाचं नाही आणि एकट्या इंजिनिअरचंही नाही. त्याच महिन्यात राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. त्यातलं सूक्ष्म मापनाचं आणि संवेदकांचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. चिप बनवणं, एमआरआयसारखी यंत्रं, उपग्रहांवरचे कॅमेरे, सौर घट ही सगळी याच शाखेला लागून असलेली क्षेत्रं आहेत. शिवाय या पदवीचे बरेच विद्यार्थी सॉफ्टवेअरमध्ये आणि वित्तीय कंपन्यांत जातात, कारण त्यांचं गणित पक्कं असतं.

बंद दारंही सांगतो, नाहीतर मी पुन्हा तोच गुन्हा करीन. केंद्राची इंजिनिअरिंग सेवा परीक्षा स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार या चारच विषयांत होते. जिल्हा परिषदेत किंवा पाटबंधारे खात्यात या पदवीवर अभियंता होता येत नाही. वर ज्या संशोधनाच्या कामांची नावं घेतली, त्यांतल्या बहुतेकांना चार वर्षं पुरत नाहीत, एम.टेक. किंवा पीएच.डी. लागते. मधल्या काळात विद्यावेतन मिळतं, पण घर बांधण्याइतकं नाही. भंडाऱ्यात राहून ही नोकरी मिळणार नाही, हे तर उघडच आहे.

पण भंडाऱ्यात राहून कोणती मिळते? आपल्याकडे नोकरी म्हणजे जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी. पिढ्यान्‌पिढ्या आपण यांच्या फाटकांकडे पाहत आलो. २०२१ मध्ये देशभरच्या आयुध निर्माण्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या; "पक्की नोकरी" या शब्दाचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत बदलला. आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये जातं. सेलच्या आतलं काळं चूर्ण आपल्या जमिनीतून निघतं. त्या चुर्णातून वीज कशी निघते हे शिकायला आपण या जिल्ह्यातून किती मुलं पाठवली?

आता कलाम. आपल्या प्रत्येक शाळेत त्यांचं चित्र आहे, मागे उडणारं क्षेपणास्त्र. त्या चित्राखाली कुणी लिहीत नाही, की कलामांनी आधी तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केली आणि मग त्यांना कळलं, की आपल्याला इंजिनिअरिंग हवं होतं. ते मद्रासच्या एमआयटीत विमानशास्त्राला गेले. प्रवेशाचे पैसे नव्हते, तेव्हा बहीण जोहराने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. म्हणजे भौतिकशास्त्रातून इंजिनिअरिंगकडे यायला त्यांना एक जादा पदवी आणि बहिणीचे दागिने लागले. आज ते दोन्ही एकाच पदवीत मिळतं. कलामांचं नाव घेऊन टाळ्या मिळवणाऱ्यांनी मुलांना हे सांगायला हवं आणि पैशांची सोयही सांगायला हवी. २०१६ मध्ये आयआयटीचं वार्षिक शिक्षणशुल्क २ लाख झालं, पण त्याच वेळी १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घराला ते पूर्ण माफ आणि १ ते ५ लाखांच्या घराला दोन तृतीयांश माफ असा नियम झाला. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च वेगळा. मामूंना शुल्कमाफी फक्त नागपूरची ठाऊक होती. उत्पन्नाचा दाखला मात्र तहसीलमधून वेळेवर काढावा लागतो; आपल्या घरांत बांगड्यांपेक्षा तो दाखला उशिरा निघतो.

मामूंचा पुढचा मुद्दा त्यांनी हळू आवाजात मांडला. "आपल्या पोरांना कोण घेतं, सर? हातात काहीतरी असू द्या." ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. भाड्याची खोली शोधताना नाव ऐकून बदललेले चेहरे मीही पाहिले आहेत. पण या भीतीचा हिशेब उलटा मांडू नका. जिथे हजारो मुलांकडे सारखीच पदवी आहे, तिथे निवड करणाऱ्याला आडनावावरून वगळणं सोपं जातं. जिथे काम येणारी माणसंच मोजकी आहेत, तिथे ते महाग पडतं. भेदभाव संपतो असं मी म्हणत नाही. पण भीती वाटत असेल तर दुर्मीळ काहीतरी शिका, गर्दीत लपायला जाऊ नका.

"झेपेल का हिला?" असंही विचारलं गेलं. जेईई मेन उर्दूत आणि मराठीत देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत. दहावीपर्यंत "इसराअ" म्हणत शिकलेली ही मुलगी दोन वर्षांत "अ‍ॅक्सिलरेशन"वर आली आणि ती परीक्षा पार करून बसली. झेपण्याचा दाखला आणखी कोणता हवा?

खरी अडचण शेवटी निघाली, नेहमीप्रमाणे. चार वर्षं बी.टेक., पुढे पाच वर्षं पीएच.डी., म्हणजे मुलगी सत्तावीसची. हा आकडा सगळ्यांनी तोंडी काढला. याच मामूंचा थोरला मुलगा नागपुरात खोली घेऊन सात वर्षं भरतीच्या परीक्षा देतो आहे. त्याचं वय त्या संध्याकाळी कुणी मोजलं नाही. मुलाची सात वर्षं म्हणजे मेहनत आणि मुलीची नऊ वर्षं म्हणजे उशीर, हे गणित कोणत्याही माध्यमात बरोबर येत नाही. शिवाय बी.टेक.नंतर थांबून नोकरी करायची मोकळीक तिला आहेच.

मग ही पदवी सगळ्यांनी घ्यावी का? नाही. नावात आयआयटी यावं एवढ्यासाठी घेऊ नका. एक वर्षाने कॉम्प्युटरला बदलून घेऊ या आशेवर तर मुळीच नाही. काही आयआयटींनी ती सोय बंद केली आहे. एखादं नवखं कॉलेज हे नाव लावून जागा विकत असेल, तर आधी त्यांची प्रयोगशाळा बघा. तिथे जाण्यापेक्षा चांगल्या कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स किंवा विद्युत बरं. यंत्रं बनवण्यातच जीव रमत असेल, तर यांत्रिकी घ्या. फक्त सिद्धान्त हवा असेल, तर पुण्याची आयसर आहे, भुवनेश्वरची नायसर आहे. यातलं काहीच जमलं नाही, तर बी.एस्सी.ही वाया जात नाही, पण पहिल्याच वर्षी भिंतीवर जॅम परीक्षेचं नाव लिहून ठेवा. तीच आयआयटीच्या एम.एस्सी.ची वाट. मी त्या मुलाला हे सांगितलं नव्हतं.

वडील सगळा वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "सर, कोणत्या मोटरला किती वेढे घ्यायचे, ते मला उस्तादांनी शिकवलं. तेवढेच का घ्यायचे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. हिला ते कळणार असेल तर मी नाही कसं म्हणू?"

पसंतीक्रम त्याच रात्री भरला. वरच्या ओळी इंजिनिअरिंग फिजिक्सच्या, त्यांच्याखाली विद्युत शाखा आणि नागपूरचं कॉम्प्युटर राज्याच्या वेगळ्या अर्जात राखीव. मामूंनी यादी दोनदा वाचली. ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येणार होता. तो आला तेव्हा त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा स्वतः वाचून दाखवला.