विश्लेषण : गव्हाणच्या आकाशात सोनेरी गरुड? आधी शेपटी पाहा!

थंडी सुरू झाली की पनवेल-उरण पट्ट्यातील पक्ष्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. खाडीवर घिरट्या घालणारा मोठा तपकिरी पक्षी, मानेवर सकाळचे ऊन आणि खाली ओळ : ‘आपल्याकडे सोनेरी गरुड आला!’ फोटो खरा असतो, पक्षीही खरा असतो. चुकते ते नाव. आणि गव्हाणसारख्या गावात, जिथे एका बाजूला खाडी आणि जवळच नवे विमानतळ आहे, तिथे नाव चुकण्याची किंमत वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

सोनेरी गरुड गव्हाणला येतो का?

थोडक्यात उत्तर, नाही. सोनेरी गरुड हा उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियाच्या थंड, मोकळ्या, डोंगराळ भागांतला पक्षी. मेक्सिकोचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. कझाकस्तान आणि मंगोलियातील शिकारी त्याला पाळून कोल्ह्याची शिकार करतात. भारतात त्याचे घर हिमालय आहे. लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंडपासून सिक्कीम, अरुणाचलपर्यंतच्या उंच उतारांवर तो दिसतो. ससे, मार्मोट, चकोरासारखे डोंगरपक्षी हे त्याचे अन्न. चिखल, खारफुटी आणि भरती-ओहोटीचा हा प्रदेश नाही.

वाट चुकलेला पक्षी कुठेही पोहोचू शकतो, हे खरे. पण असा दावा करायचा तर पुरावाही तेवढाच भक्कम हवा. दुरून काढलेला, उन्हात चमकणारा एक फोटो पुरेसा नाही.

मग दिसते ते काय?

सर्वाधिक शक्यता घारीची. आपली नेहमीची घार पंख पसरते तेव्हा तिचा विस्तार जवळपास दीड मीटर होतो. जवळून पहिल्यांदाच पाहणाऱ्याला ती गरुड वाटली तर नवल नाही.

दुसरी दावेदार ब्राह्मणी घार. डोके आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. कोकणातल्या बंदरांवर आणि खाड्यांवर ती कायमची. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिचे पंख खरोखरच सोन्यासारखे दिसतात.

तिसरा दलदली भोवत्या. हा हिवाळी पाहुणा गवत आणि पाणथळीवरून अगदी खालून, संथपणे उडत जातो. मादीचे अंग गडद तपकिरी, डोके मात्र फिकट पिवळसर. शिवाय तरंगताना तो पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वर धरतो. डोक्यावरची पिवळसर छटा आणि वर उचललेले पंख, या दोन्ही खुणा सोनेरी गरुडाच्याही वर्णनात येतात. त्यामुळे नुसते वर्णन वाचून फोटो जुळवणारा इथे हमखास फसतो.

आणि चौथा, खरा गरुड. मोठा ठिपकेदार गरुड पूर्व युरोप ते रशियाच्या अतिपूर्वेपर्यंतच्या पट्ट्यात वीण करतो आणि हिवाळ्यात भारतातल्या पाणथळींवर उतरतो. उरण परिसरातील पाणथळींवर पक्षीनिरीक्षकांनी त्याची नोंद केली आहे. शाही गरुड आणि स्टेपी गरुड हेही महाराष्ट्रात येणारे हिवाळी पाहुणे. यातल्या प्रौढ शाही गरुडाची मान फिकट सोनेरी असते. म्हणजे ‘मान सोनेरी, म्हणून सोनेरी गरुड’ हे गणितच चुकीचे.

ओळखायचे कसे?

बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. सुरुवात तिथे करूच नये, कारण ऊन, सावली, पक्ष्याचे वय आणि मोबाइलचा कॅमेरा या चारही गोष्टी रंग बदलून दाखवतात. आकाराचेही तेच. आकाशात मोजायला शेजारी काही नसते, त्यामुळे एकटा पक्षी नेहमीच मोठा वाटतो. पर्याय एकेक करून वगळत जाणे ही सोपी रीत आहे.

पहिली पायरी, जागा आणि महिना. खाडीकाठ, ऑक्टोबर ते मार्च असेल तर हिवाळी पाहुण्यांचा विचार करता येतो. मे महिन्यात तोच दावा झाला तर घारीपासून सुरुवात करावी.

दुसरी पायरी, शेपटी. घारीच्या शेपटीला मधोमध खाच असते आणि उडताना ती शेपटी सुकाणूसारखी डावी-उजवीकडे पिळते. शेपटी पूर्ण पसरली तर खाच दिसत नाही, म्हणून थोडा वेळ पाहत राहावे. ब्राह्मणी घारीची शेपटी गोलसर. ठिपकेदार गरुडाची आखूड, गोल आणि बऱ्यापैकी स्थिर.

तिसरी पायरी, पंख. गरुडाचा पंख रुंद फळीसारखा असतो आणि टोकाची पिसे पसरलेल्या बोटांसारखी सुटी दिसतात. ठिपकेदार गरुड तरंगताना पंख सपाट किंवा किंचित खाली झुकवतो. सोनेरी गरुड ते हलकेच वर उचलतो. भोवत्याही वर उचलतो, पण त्याचे पंख अरुंद आणि शरीर सडपातळ.

चौथी पायरी, सोबत. जवळ घारी उडत असतील तर फोटोत त्याही येऊ द्याव्यात. ती आयती मोजपट्टी आहे. सोनेरी गरुडाच्या पंखांचा विस्तार साधारण १.८ ते २.३ मीटर, म्हणजे घारीच्या शेजारी तो स्पष्ट वेगळा दिसेल.

रंग सर्वांत शेवटी. त्यातही गंमत अशी, की ठिपकेदार गरुडाच्या पंखांवरचे पांढरे ठिपके लहान वयातच ठळक असतात. प्रौढ पक्षी जवळजवळ एकसारखा गडद तपकिरी होतो. नावात ठिपके, अंगावर नाहीत!

फोन काय सांगतो?

फोटो टाकला की नाव सांगणारी साधने आता प्रत्येकाच्या हातात आहेत. पण ती फक्त चित्र पाहत असतील तर जगभरातल्या सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांतून एखादे नाव पुढे करतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे मोफत ‘मर्लिन’ ॲप ठिकाण आणि तारीखही विचारते. ती खरी दिली, तर त्या भागात, त्या काळात शक्य असलेले पक्षी पुढे येतात. तरीही तो अंदाजच असतो, निकाल नव्हे.

व्हिडीओंबाबत तर अधिकच सावध राहावे. उद्यानात बसलेल्या बाळाला सोनेरी गरुड उचलतो, असा एक व्हिडीओ डिसेंबर २०१२ मध्ये जगभर गाजला. तो कॅनडातील माँट्रियलच्या विद्यार्थ्यांनी संगणकावर बनवलेला होता आणि तसे त्यांच्या संस्थेने लगेच जाहीरही केले. सोनेरी गरुडाचे स्वतःचे वजन साधारण ३ ते साडेसहा किलो. बाळाला घेऊन उडणे त्याच्या ताकदीबाहेरचे. मात्र अशा चित्रफितींतून पसरलेली भीती खऱ्या पक्ष्यांच्या वाट्याला येते.

नाव चुकले तर बिघडते काय?

‘घार म्हणा की गरुड, पक्षी तो पक्षीच,’ असे म्हणणारे भेटतात. तसे नाही. प्रत्येक नाव एक वेगळी माहिती देते.

वस्तीवर पंधरा-वीस ‘गरुड’ घिरट्या घालत असतील, तर त्या जवळजवळ नक्कीच घारी आहेत आणि खाली कुठेतरी उघडा कचरा, मासळीचा किंवा मांसाचा टाकाऊ भाग पडलेला आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. विमान नियम १९३७ मधील नियम ९१ नुसार विमानतळाच्या १० किलोमीटर परिघात पक्ष्यांना आकर्षित करेल असा कचरा टाकण्यास मनाई आहे. गव्हाण या परिघात येते. घारींच्या थव्याला ‘दुर्मीळ गरुड’ म्हणून कौतुक वाटून घेतले, तर खालचा ढीग कुणालाच दिसत नाही.

उलट, एकटा ठिपकेदार गरुड दिसला आणि त्याला ‘घार’ म्हणून सोडून दिले, तर दुसरे नुकसान होते. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत हा पक्षी ‘असुरक्षित’ वर्गात आहे. स्टेपी गरुडाची स्थिती त्याहून बिकट, तो ‘संकटग्रस्त’ आहे. बेडूक, मासे, उंदीर, पाणपक्षी भरपूर असतील तरच ठिपकेदार गरुड एखाद्या पाणथळीवर मुक्काम करतो. त्याचे असणे म्हणजे ती पाणथळ अजून जिवंत असल्याची पावती. ती पावती नोंदलीच गेली नाही, तर कागदावर ती जागा ‘पडीक’ ठरायला वेळ लागत नाही.

नोंदींचे वजन किती असते, हे २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने दाखवले. ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवरून ९४२ प्रजातींची स्थिती त्यात तपासली गेली. शिकारी पक्षी आणि पाणथळीचे पक्षी यांची घट त्यातूनच ठळकपणे समोर आली. यातल्या बहुतांश नोंदी करणारे सामान्य हौशी नागरिक होते.

विमानतळ आणि गरुड, दोन्ही कसे नांदणार?

हा खरा कळीचा प्रश्न. गेल्या काही वर्षांत हा परिसर झपाट्याने बदलला. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला, नेरूळ-उरण रेल्वे आली. गावकऱ्यांना रोजगार हवा आहे आणि तो मागण्यात गैर काही नाही. विमानाला पक्षी धडकण्याची भीतीही खोटी नाही. २० मे २०२४ रोजी घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले.

मात्र ‘पक्षी नकोत, म्हणून पाणथळी बुजवा’ हा उपाय फसवा आहे. पाणथळ बुजली म्हणून पक्षी संपत नाहीत, ते दुसरी जागा शोधत उडतात. ती जागा विमानांच्या वाटेवर नसेल, याची हमी कोण देणार? उरणची पाणजे पाणथळ याच वादात अडकली आहे. तिथे भरतीचे पाणी अडवले जात असल्याच्या तक्रारी पर्यावरण कार्यकर्त्यांनी वारंवार केल्या आहेत. विमानमार्गापासून दूर असलेल्या पाणथळी जपणे आणि विमानतळालगतचा कचरा हटवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील. कोणता पक्षी कुठे, कोणत्या महिन्यात, किती उंचीवर उडतो याची अचूक माहिती त्यासाठी लागते. इथे ‘मोठा तपकिरी पक्षी’ एवढ्या वर्णनावर भागत नाही.

गव्हाणकरांनी काय करावे?

सकाळी नऊनंतर ऊन तापू लागले की जमिनीवरची हवा वर चढते आणि शिकारी पक्षी तिच्यावर तरंगू लागतात. पाहायला हीच वेळ चांगली. साधी दुर्बीण पुरते. बंदी असलेल्या भागात शिरू नये. विमानतळाजवळ परवानगीशिवाय ड्रोन उडवणे बेकायदा आहे आणि पक्ष्यांनाही त्याचा त्रास होतो. एकच फोटो काढण्यापेक्षा पाच काढावेत. त्यात शेपटी, पसरलेले पंख आणि शक्य झाल्यास शेजारची घार असावी. ‘ईबर्ड’वर ठिकाण आणि वेळेसह नोंद केली, तर वेगळी वाटणारी नोंद जाणकार स्वयंसेवक तपासतात. खात्री नसेल तर ‘गरुड, प्रजाती अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीच्या नावापेक्षा ती नोंद उपयोगाची.

गावातल्या शाळांना तर यासाठी लांब जायलाही नको. पनवेलहून साधारण १२ किलोमीटरवर कर्नाळा अभयारण्य आहे. तिथल्या रानात तुऱ्याचा सर्पगरुड शिट्टीसारखा आवाज काढत फिरतो. एक दिवस कर्नाळ्यात आणि एक दिवस गावच्या खाडीवर घालवला, तरी जंगलातला गरुड, पाणथळीतला गरुड आणि घार यांतला फरक मुलांना कळू लागेल.

सोनेरी गरुड पाहायचाच असेल तर हिवाळ्यात लडाख किंवा स्पितीचे तिकीट काढावे. गव्हाणला मात्र दर हिवाळ्यात दूर उत्तरेतून येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहता येते. पुढच्या वेळी खाडीवर मोठा पक्षी दिसला की फोटो पुढे पाठवण्याआधी दोन मिनिटे थांबावे आणि त्याची शेपटी पाहावी.